पोरगं नुकतंच गाडी चालवायला लागलंय: लोकल स्कूल, सिम्युलेटरवालं सेंटर, ओळखीचा ड्रायव्हर की ट्रॅकवरचा कार कंट्रोल कोर्स?

बारावी संपली की बेळगावात दोन गोष्टी एकदम सुरू होतात, एक सीईटीची पळापळ आणि दुसरी घरातल्या गाडीच्या चावीवरनं भांडणं. पोरगं १८ पूर्ण झालेलं असतं, लर्निंग काढलेलं असतं, कुणाकुणाचं पक्कं लायसन्स पण हातात आलेलं असतं, आणि मग आईबाप विचारायला लागतात की आता "अॅडव्हान्स" काहीतरी शिकवूया का, ते रीलमध्ये दाखवतात तसं, ओल्या ट्रॅकवर गाडी घसरवून परत सरळ करतात तो कार कंट्रोलचा कोर्स. आमच्या गल्लीतले एक काका परवाच म्हणाले, "पोरगं शिकूलालंय वो, पण हायवेला द्यायला जीव होत नाही." खरा प्रश्न हाच आहे, म्हणून जे जे पर्याय आपल्या भागातल्या माणसाला मिळू शकतात ते शेजारी शेजारी ठेवून बघूया.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. पहिल्या वर्षी पैसा आणि वेळ दोन्ही शेजारच्या सीटवर घालवा, म्हणजे नीट चालवणारं मोठं माणूस बाजूला बसवून पाऊस, रात्र, घाट आणि हायवे करून घ्या. ट्रॅकवरचा कोर्स वाईट नाही, पण तो नंतर, आणि तो पण बघून घ्यायचा.

लोकल मोटार ट्रेनिंग स्कूल. हे सगळ्यांना माहितीच आहे. नियमानं कारसाठी कमीत कमी २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवणं १० तास असं धरलेलं आहे, पण गाडीत आपल्याबरोबर अजून दोघं मागं बसलेली, एकाला गोवावेसला उतरवायचं, दुसरीला आरपीडीला घ्यायचं, असं करत करत आपल्या वाट्याला नेमकं किती स्टिअरिंग आलं हे तुम्हीच मोजा. तरी फायदा मोठा आहे, सरांच्या पायाखाली पण ब्रेक आणि क्लच असतो, त्यामुळं पहिले आठ-दहा दिवस पोरगं घाबरत नाही आणि बाप ओरडत नाही. कपिलेश्वर ब्रिजच्या चढावर ट्रॅफिकमध्ये गाडी मागं न जाऊ देता उचलणं, खडे बाजारात आरसे बघत सरकणं, रिव्हर्स, पार्किंग, हे इथंच शिकावं. पण कार कंट्रोल म्हणाल तर शून्य. गाडी क्वचितच ४० च्या वर जाते, रात्री क्लास नसतो, जोराचा पाऊस आला की त्या दिवशी सुट्टी. म्हणजे ज्या दिवशी शिकायला पाहिजे नेमकं त्याच दिवशी सुट्टी!

अॅक्रेडिटेड, म्हणजे सरकारमान्य, ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटर. जुलै २०२१ पासून केंद्र सरकारचे नियम लागू आहेत, त्यात कारचा कोर्स २९ तासांचा, ८ तास थिअरी आणि २१ तास प्रॅक्टिकल, चार आठवड्यांच्या आत पूर्ण करायचा. सेंटरकडं स्वतःचा ट्रॅक आणि सिम्युलेटर (खुर्चीत बसून पडद्यावर गाडी चालवायचं यंत्र) पाहिजेच, आणि इथून पास झालेल्याला आरटीओची ड्रायव्हिंग टेस्ट माफ असते. कागदावर हे लोकल स्कूलपेक्षा सरळ सरळ वरचं आहे. पण ज्याच्याकडं लायसन्स आधीच आहे त्याला टेस्ट माफीचा काय उपयोग, आणि त्यासाठी पुण्याला मावशीकडं महिनाभर राहायचं असेल तर तो पण हिशोब करा. अजून एक, नुसतं सिम्युलेटर आहे म्हणून ते अॅक्रेडिटेड होत नाही, मान्यतेचं पत्र दाखवा म्हणायचं, लाजायचं नाही. सिम्युलेटरवर धुकं, रात्र, मध्येच आडवा आलेला माणूस असलं सगळं दाखवता येतं आणि नजर कुठं ठेवायची ते बरं कळतं, पण ब्रेक मारल्यावर पोटात जो गोळा येतो तो खुर्चीत बसून येत नाही.

स्वतःची गाडी आणि शेजारी जाणतं माणूस. मी सगळ्यात जास्त मार्क याला देतो. इथं जाणतं माणूस म्हणजे बापच पाहिजे असं नाही, उलट बऱ्याच घरात बाप नसलेलाच बरा, पाच मिनिटात "अरे अरे अरे" सुरू होतं. आयुष्यभर बेळगाव-गोवा किंवा बेळगाव-पुणे गाडी मारलेला एखादा शांत ड्रायव्हर, किंवा ट्रेनिंग स्कूलच्याच सरांना क्लास सोडून वेगळे तास ठरवून, त्यांना पैसे द्या आणि म्हणा की आमच्याच गाडीवर पाहिजे. अजून लर्निंगच असेल तर एल बोर्ड पाहिजे, शेजारी लायसन्सवाला पाहिजे आणि तो गाडी थांबवू शकेल असा बसलेला पाहिजे. आपल्या गाडीत शेजारच्याच्या पायाखाली ब्रेक नसतो, त्याच्या हाताशी फक्त हँडब्रेक, आणि नवीन गाड्यात हँडब्रेकच्या जागी बटण आलंय, चालत्या गाडीत ते धरून ठेवलं तर बहुतेक गाड्या थांबतात पण तुमच्या मॉडेलमध्ये काय होतं ते मॅन्युअलमध्ये आधी वाचा. लर्निंग अख्ख्या देशात चालतं, त्यामुळं कोगनोळीच्या पलीकडं, म्हणजे महाराष्ट्रात, गेलं की काय ही चिंता नको.

आता शिकवायचं काय. पहिलं ब्रेक. एप्रिल २०१९ नंतर बनलेल्या सगळ्या कारना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) आहे, पण ते आहे म्हणजे नेमकं काय होतं हे पोरांना सोडाच, बऱ्याच बापांनी पण कधी अनुभवलेलं नाही. सकाळी लवकर एखाद्या नवीन लेआउटमधला मोकळा सरळ रस्ता बघा, गुरं, फिरायला आलेली माणसं, मागून गाडी, काही नाही ना याची खात्री करून, ४० चा स्पीड आणि ठरलेल्या खांबाशी आला की ब्रेक पूर्ण ताकदीनं. पहिल्यांदा काय होतं बघा, पॅडल पायाखाली टरटर थरथरतं, आवाज येतो, आणि पोरगं दचकून पाय उचलतं! गाडी लगेच पुढं सुटते. नेमकी हीच सवय मोडायची असते, थरथरू दे, पाय तसाच दाबून ठेव, आणि जिकडं जायचंय तिकडं बघून स्टिअरिंग फिरव, कारण चाकं लॉक होत नाहीत म्हणून गाडी वळते. चार-पाच वेळा झालं की चेहऱ्यावरची भीती जाते. जुनी एबीएस नसलेली गाडी असेल तर हा धडा वेगळा, तिथं चाक लॉक झालं की किंचित सोडून परत दाबायचं, आणि शिकवणाऱ्याला ते स्वतःला खरंच येत असलं पाहिजे.

दुसरं अंतर. ६० ला असताना मेंदूला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर गाडी २५ मीटर गेलेली असते, कोरड्या रस्त्यावर थांबायला अजून साधारण १८. तेच ८० ला ३३ आणि ३१, म्हणजे ४३ मीटरवरनं थेट ६४. ओल्या रस्त्यावर पकड निम्मी झाली असं धरलं तर ८० ला शंभराच्या जवळ जातं. स्पीड २० नं वाढला पण थांबायचं अंतर दीडपट झालं, हे पोरांना वहीत नको, रस्त्यावर पावलं टाकून मोजून दाखवा.

तिसरं आपले रस्ते, आणि इथं कुठलाच बाहेरचा कोर्स उपयोगाचा नाही. उसाच्या सीझनला रात्री चिकोडी, संकेश्वर, निपाणी बाजूला ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, समोरच्या ट्रकच्या डिपरनं डोळे दिपलेले आणि मध्येच अंधारात उसाची काळी भिंत उभी. इथं कार कंट्रोल करून काही होत नाही, लाइट जिथपर्यंत पोचतो तेवढ्यात थांबता येईल एवढाच स्पीड, दुसरं औषध नाही. खानापूर-जांबोटी बाजूला पहिल्या पावसात शेतातली तांबडी माती ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरावर येते, तिथं हळू ब्रेक आणि सरळ स्टिअरिंग. चोर्ला घाट उतरताना सेकंडवर, कधी फर्स्टवर पण, सतत ब्रेकवर पाय ठेवून नाही, आणि चढून येणाऱ्याला आधी वाट. चोर्ला लगेच नको, आधी वंटमुरी, तवंदीसारखे हायवेवरचे चढउतार होऊ देत, तिथं ट्रकांमध्ये लेन धरून राहणं आणि ओव्हरटेक न करणं शिकतात, हो, न करणं पण शिकवावं लागतं.

ट्रॅकवरचा कार कंट्रोल कोर्स. आपल्याला जवळ नाही. कोइमतूरजवळ चेट्टीपाळयमला कारी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईच्या बाहेर इरुंगाट्टुकोट्टैला सर्किट आहे, असल्या ठिकाणी किंवा शहराबाहेरच्या एखाद्या धावपट्टीवर कंपन्या आणि प्रायव्हेट ट्रेनर दिवस-दोन दिवसांचे कोर्स घेतात. जाणं-येणं, राहणं धरलं तर लोकल स्कूलच्या फीच्या कितीतरी पट खर्च. त्यात फुल ब्रेकिंग, ब्रेक मारत चुकवणं, शंकूंमधून नागमोडी, ओल्या गुळगुळीत पट्टीवर घसरणं असं असतं. मजा येते यात वाद नाही.

पण याबद्दल एक गोष्ट ट्रॅकवाले सांगत नाहीत. नॉर्वेमध्ये १९७९ साली नवीन ड्रायव्हरना घसरड्या रस्त्याचं ट्रेनिंग सक्तीचं केलं, बर्फाचा देश, वाटणारच की उपयोग होईल, पण नंतर तपासलं तेव्हा तरुण मुलांचे घसरड्या रस्त्यावरचे अपघात कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात दोन गट करून बघितलं, एका गटाला कसब शिकवलं आणि दुसऱ्याला "बघ, तुझ्या हातात किती कमी आहे" हे दाखवलं. प्रत्यक्ष चालवण्यात दोघांत फरक नव्हता, पण कसबवाल्यांना आपण जास्त भारी झालोय असं वाटत होतं. १९ वर्षांच्या पोराला, ज्याला आधीच आपण भारी आहे असं वाटतं, त्याला अजून भारी वाटायला लावायचं आणि मग चार मित्र मागं बसवून आंबोलीला पाठवायचं! उलट ऑस्ट्रियानं २००३ पासून लायसन्स मिळाल्यानंतर टप्प्याटप्प्यानं परत बोलावून शिकवायचं ठेवलं, त्यात ट्रॅकवरचा दिवस पण आहे, पण एकटा नाही, आधी-नंतर शेजारी बसून रस्त्यावर चालवून घेणं आणि मानसतज्ज्ञाबरोबर गटात बोलणं पण आहे, आणि तिथं तरुणांचे अपघात कमी झाले. म्हणजे ट्रॅक वाईट नाही, नुसता ट्रॅक वाईट.

म्हणून पैसे भरायच्या आधी फोनवर विचारायचं. आमचीच गाडी आणायची का तुमची? (आपल्या बहुतेक घरात पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक असते, ती जास्त स्पीडनं वळली तर नाक सरळच जातं, आणि तेव्हा स्टिअरिंग अजून पिळायचं नसतं, अॅक्सिलरेटर सोडायचा असतो, मागच्या चाकांवर चालणाऱ्या महागड्या गाडीवर शेपूट फिरवायला शिकून घरी काय उपयोग.) एका ट्रेनरमागं किती जण? दिवसभरात माझ्या पोराला स्टिअरिंगवर किती वेळ? ड्रिफ्ट, म्हणजे मुद्दाम गाडीची शेपूट घसरवत वळणं, शिकवता का? "हो" म्हणाले की फोन ठेवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दिवसाच्या शेवटी पोरांना हरवता का, म्हणजे ५० ला जमलेलं ६० ला जमत नाही हे दाखवता का? जो ट्रेनर याचं उत्तर हसत हसत "तेच तर करतो" असं देतो तो चांगला.

कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाड्या ट्रॅकवर पळवणं. कोल्हापुरात मोहितेंचा ट्रॅक आहे, रेसिंगचं वेड त्या गावात आधीपासून आहे. नजर लांब ठेवणं, ब्रेक आधी आणि वळण नंतर हे त्यात हाताला बसतं, स्वस्त पण पडतं. पण ते खेळ म्हणून, ट्रेनिंग म्हणून धरू नका.

मग कुणी काय घ्यावं. कॅम्पातनं किंवा शहापुरातनं उद्यमबागच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला लोकल स्कूल अधिक शेजारी बसवून रात्रीचे आणि पावसाचे तास, एवढं भरपूर झालं. निपाणीहून रोज हायवेनं कोल्हापूर करणाऱ्याला वर्षभरानं ट्रॅकचा एक दिवस दिलात तर पैसे वाया जाणार नाहीत, पण पहिल्या वर्षी त्याला रात्री अकरानंतर चावी नाही आणि गाडीत एकापेक्षा जास्त मित्र नाही, हे दोन नियम कोर्सपेक्षा भारी आहेत. न्यूझीलंडनं १९८७ मध्ये नवीन ड्रायव्हरना रात्रीची आणि मित्र बसवायची बंधनं घातली, मग अमेरिकेतल्या राज्यांनी उचललं, आणि अपघात खरोखर कमी झाले. आपल्याकडं असा कायदा नाही, तो घरातच करावा लागतो, आणि आजी "जाऊ दे की रे पोराला" म्हणाली तरी टिकवावा लागतो. खानापूर, कणकुंबीकडच्यांना पावसाळाच कोर्स आहे, त्यांनी नवीन टायरवर पैसे घालावेत, गुळगुळीत टायरवर एबीएस पण काही करू शकत नाही.

आणि ज्यांचं पोरगं अजून १७ चं आहे आणि "नुसतं गल्लीत फिरवतो" चाललंय त्यांनी हा सगळा हिशोब बाजूला ठेवावा, मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून १९९अ कलम आहे, अल्पवयीनानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि पोराला २५ वर्षांचं होईपर्यंत लायसन्स नाही. तोपर्यंत त्याला शेजारच्या सीटवर बसवा आणि समोर काय काय धोका दिसतोय ते मोठ्यानं बोलायला लावा, फुकट आहे, आणि अर्ध्या तासात कळतं पोरगं रस्ता बघतंय की मोबाईल.