मोहॉकाइटचा कॅबोशॉन: लॉकेटला चालेल, अंगठीला नको

३० × २० मिलिमीटरचा अंडाकृती कॅबोशॉन, म्हणजे पैलू न पाडता वरून फुगीर, गुळगुळीत घासलेला दगड. पांढऱ्या गारगोटीत चांदी ओतल्यासारख्या शिरा. दगड देखणा आहे, यात वाद नाही.

लेबलवर मात्र 'दुर्मिळ खनिज' एवढंच छापलंय आणि ते चूक आहे. मोहॉकाइट हे एक खनिज नव्हे. मिशिगनमधल्या मोहॉक खाणीवरून नाव पडलेलं हे डोमेकाइट, अल्गोडोनाइट (दोन्ही तांबे आणि आर्सेनिकची खनिजं) आणि आर्सेनिकयुक्त तांब्याचं मिश्रण आहे. डोमेकाइटमध्ये वजनाने साधारण २८ टक्के, अल्गोडोनाइटमध्ये १६ टक्के विषारी आर्सेनिक असतं. हे लेबलवर यायलाच हवं होतं.

धातू किती नि गारगोटी किती, हे घरी मोजता येतं. वजन १०.६ ग्रॅम भरलं. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करायचा आणि दगड दोऱ्याने पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता धरायचा. आकडा आला २.०; तेच घनफळ. वजन भागिले घनफळ, म्हणजे घनता, ५.३. नुसत्या गारगोटीची २.६५ येते, डोमेकाइटची साडेसातच्या आसपास. म्हणजे घनफळाने निम्म्याच्या जवळपास धातू आहे; आकडा खऱ्या मालाशी जुळतो.

पॉलिश मध्यम. गारगोटीची कठीणता (१ ते १० च्या मोह्स मापावर) ७, डोमेकाइटची ३ ते ३.५, घासताना मऊ धातू आधी झिजतो आणि शिरेच्या कडेला खाच पडते. इथे नख फिरवलं की ती लागते. वर लॅकर (पारदर्शक लेप) आहे, पाठीला नाही, आणि नेमकी तिथेच पिवळट झाक धरू लागली आहे. उघड्या हवेत हा धातू पुढे तपकिरी पडतो. पाठीलाही पातळ लॅकर द्यावं.

अंगठीत तो रोज घासला जाईल, म्हणून नको. लॉकेटचं कोंदण पाठीमागून बंद हवं, म्हणजे घामाचा संबंध येत नाही. सोनाराला आधीच बजावा: डाग देण्याचं सगळं काम उरकून दगड शेवटी, थंड कोंदणात बसवायचा. ज्योत लागली की लसणासारखा वास येतो. तो आर्सेनिकचा धूर असतो. आकार कमी करायचा तर पाण्याच्या धारेखालीच, कोरडा मुळीच घासू नये.

तांब्याची भांडी घासतो तशी चिंच किंवा लिंबू याला लावू नका. मऊ ओलं फडकं पुरे, नंतर हात धुवा. काही जण स्फटिक पिण्याच्या पाण्यात ठेवतात. हा दगड तिथे कधीही टाकू नये.