घडीचा कलमचाकू आणि ग्रीस: एक पावसाळा, एक उन्हाळा वापरून झाल्यावर

सर्व्हिस सेंटरमधून चाकू परत आला तो धड उघडेचना. पातं अर्ध्यावर येई आणि तिथेच अडकून बसे. तक्रार लिहून दिली होती की खीळ, म्हणजे पातं ज्यावर फिरतं तो सांधा, जड झाली आहे. त्यांनी आतलं काहीही साफ न करता वरून तपकिरी ग्रीस भरलं, आणि ‘पाण्यात वापरल्यामुळे वॉरंटी लागू नाही’ असा कागद जोडला. खानापूरकडच्या पावसात आंबा-काजूची कलमं बांधणाऱ्याने चाकू कोरडा ठेवायचा तरी कसा? संताप अजून उतरलेला नाही.

चाकू कोणता, पोलाद कुठलं, यात शिरत नाही. मी फक्त खिळीबद्दल लिहितोय, कारण कलमचाकूचं सगळं सुख तिथेच असतं.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बेअरिंग विकणाऱ्या एका दुकानदारांना चाकू दाखवला. त्यांनी ग्रीस बोटावर चोळून बघितलं आणि म्हणाले, “अण्णा, हे तीन नंबर हाय. गाडीच्या चाकाला घालतात. एवढ्याशा खिळीला कशाला ओ हे?” ग्रीसचे नंबर घट्टपणावरून ठरतात. 25 अंश तापमानाला ठरावीक वजनाचा शंकू ग्रीसमध्ये किती रुततो ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात: तीन नंबरात 220 ते 250, दोन नंबरात 265 ते 295. म्हणजे नंबर वाढला की ग्रीस घट्ट. दोन नंबरचं लिथियम ग्रीस घेतलं. सुटं मिळालं, छोट्या डबीत. एवढं मला आयुष्यभर पुरेल.

पण ग्रीसच्या आधी सफाई. चाकू खोलला तर पातं आणि मूठ यांच्यामधल्या पितळी वॉशरवर चिकाचा काळपट थर लाखेसारखा चढलेला. आंब्याचा चीक वाळला की नुसतं पुसून जात नाही. आधी रॉकेलने जुनं ग्रीस काढलं, मग स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापडाने चीक. वॉशर पुन्हा सोनेरी दिसेपर्यंत घासलं. इथे घाई केली तर वरून कितीही भारी ग्रीस लावा, पातं खरखरणारच.

लावायचं किती? वॉशरच्या प्रत्येक बाजूला मोहरीच्या दाण्याएवढं, बोटाने इतकं पसरवायचं की वॉशर फक्त ओला दिसावा. स्क्रू आवळल्यावर कडेने ग्रीस बाहेर आलं तर ते जास्त झालं. मी यावर एवढा अडून बसतो, कारण बाहेर आलेलं ग्रीस पात्यावर येतं आणि पात्यावरून कलमकाडीच्या कापावर जातं. काडी (जोडायची फांदी) आणि खुंट (ती ज्यावर बांधतो ते रोप) यांचा सालीखालचा जिवंत थर एकमेकांना भिडला तरच कलम जुळतं. मध्ये तेलकट थर राहिला तर ते काम बिघडतं. म्हणून काप घ्यायच्या आधी पातं स्पिरिटने पुसतो. रोगाच्या दृष्टीनेही ते बरं.

पावसाळ्यात या ग्रीसने झकास साथ दिली. पाणी खिळीत शिरलं नाही, गंजाचा ठिपका नाही, एका अंगठ्याने पातं उघडायचं. तेव्हा लिहिलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क दिले असते. मार्च-एप्रिलमध्ये मत बदललं. आमच्याकडची तांबडी धूळ खिशात जाते, ग्रीसला चिकटते आणि त्याचा घासकागदी लेप होतो. आता उन्हाळ्यात ग्रीस पूर्ण काढून मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन एक-दोन थेंब सोडतो. ते पातळ असल्याने लवकर उतरतं, वरचेवर घालावं लागतं, पण धूळ कमी धरतं, स्वस्त आहे आणि त्याच चाकूने फळ कापलं तरी काळजी नाही.

घरचं तेल सुचवणाऱ्यांना विनंती, नको. खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजतं, आणि बेळगावच्या थंडीत सकाळी पातं हलत नाही. करडईचं तेल हवेत हळूहळू वाळून चिकट पापुद्रा धरतं, जवसाचं त्याहून जास्त. गंज सोडवायचा फवारा अडकलेला स्क्रू काढायला उत्तम; वंगण म्हणून टिकत नाही, लवकर उडतो.

आणि एक गोष्ट आवर्जून: उघडलेलं पातं अडवून धरणारी आतली कुलूपपट्टी पात्याच्या बुडाला जिथे टेकते तिथे ग्रीसचा अंशही नको. ती जागा निसरडी झाली तर जोर लावताना पातं बोटांवर मिटू शकतं. जोडणी झाल्यावर ती जागा कोरड्या कापडाने पुसा, पातं उघडून पाठीकडून हलकेच दाबून बघा.

स्क्रू मात्र थोडा थोडा सैल होतोच. त्याच्या आट्यांवर निळं थ्रेड-लॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) एक थेंब लावलंय. वॉशरकडे ओघळू दिलं नाही, नाहीतर खीळच जाम होईल. घरच्या दुसऱ्या चाकूत नायलॉनचे वॉशर आहेत, त्यावर सिलिकॉन ग्रीस चालू केलंय. प्लॅस्टिकला ते चालतं. धातूवर धातू जोराने घासतो तिथे मात्र ते कमी पडतं, म्हणून या चाकूला लावलं नाही. तो चाकू या पावसाळ्यात कलमांवर चालवून बघतो, मग त्याचं वेगळं लिहितो.