मेंढ्यांसाठी २.५ टक्के अल्बेंडाझोल: दोन हंगामांच्या वापरानंतरचा अभिप्राय

माणदेशातील आमच्या कळपात दख्खनी आणि माडग्याळ अशा दोन्ही जातींच्या मेंढ्या आहेत, शिवाय दुधासाठी पाच उस्मानाबादी शेळ्या. या साऱ्यांना गेले दोन हंगाम मी २.५ टक्के अल्बेंडाझोलचे पातळ जंतनाशक औषध पाजत आहे. औषध स्वस्त आहे, सहज मिळते, आणि गोलकृमी, पट्टकृमी व पूर्ण वाढलेले यकृतकृमी अशा तिन्हींवर चालते. तरीही पहिल्या हंगामात मी त्याला नावे ठेवीत होतो. त्या तक्रारीतला मोठा भाग औषधाचा नव्हता, थोडा मात्र बाटलीवरील चिठ्ठीचा आहे.

चिठ्ठीवर ‘मेंढी व शेळी: १० मिली’ एवढेच छापलेले आहे. दहा मिलीत २५० मिलिग्रॅम औषध असते. आमचा माडग्याळ मेंढा काट्यावर ५४ किलो भरला आणि एक दख्खनी मेंढी २६ किलो. म्हणजे तेवढ्याच मापात मेंढ्याला किलोमागे साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास मिळाले, तर मेंढीला साडेनऊच्या वर. आमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या साडेसात मिलिग्रॅमच्या हिशेबाने मेंढ्याला १६ मिली हवे होते आणि मेंढीला ८ मिली पुरेसे होते. डोळ्यांनी वजन ठरवणे तर आणखी फसवे, कारण लोकर कातरण्याआधीची दख्खनी मेंढी भरलेली दिसते आणि अंगावर लोकर जवळजवळ नसलेली माडग्याळ किरकोळ वाटते. कमी मात्रेत जंत पूर्ण मरत नाहीत; त्यातले चिवट तेवढे उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. म्हणून आता मी लटकत्या काट्यावर वजने घेऊन कळपाचे तीन गट करतो आणि प्रत्येक गटातील सर्वांत जड जनावराच्या वजनाने माप धरतो. अल्बेंडाझोलला थोडी जास्त मात्रा सहसा बाधत नाही, म्हणून हे चालते. लेव्हामिसोल या दुसऱ्या जंतनाशकाच्या बाबतीत असे करू नये.

वजन बरोबर असूनही फरक पडतो, तो पोटामुळे. हे औषध कोटीपोटात, म्हणजे जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात, साठते, तेथून हळूहळू रक्तात जाते आणि यकृतात त्याचे परिणामकारक रूप तयार होते. पावसाळ्यातील कोवळ्या गवताने पोट भरलेले असेल, तर चारा लवकर पुढे सरकतो आणि औषधालाही कमी वेळ मिळतो. आदल्या संध्याकाळपासून चारा बंद ठेवला तर परिणाम वाढतो, मात्र गाभण आणि अशक्त मेंढ्यांना उपाशी ठेवू नये. पाजताना नळी जिभेच्या मुळापर्यंत न्यावी लागते; तोंडाच्या पुढच्या भागात पिचकारी मारली तर कधी कधी अन्ननलिकेची पन्हळ मिटते आणि औषध कोटीपोट चुकवून थेट चौथ्या पोटात उतरते. घाईत हे हमखास चुकते, आमच्याकडे तर रोजंदारीवर माणूस असला की जास्तच. बाटली न हलवणे हाही तसाच दोष: गाळ तळाशी बसतो, पहिल्या मेंढ्यांना फिके औषध जाते आणि शेवटच्यांना दाट.

शेळ्यांचे गणित निराळे आहे. त्यांचे शरीर हे औषध मेंढीपेक्षा लवकर निकामी करून टाकते, त्यामुळे मेंढीचे माप त्यांना अपुरे पडते. आमच्या शेळ्यांना डॉक्टरांनी किलोमागे १० मिलिग्रॅम ठरवून दिले. एकाच रानात चरणाऱ्या शेळ्यांत उरलेले चिवट जंत मेंढ्यांपर्यंत पोहोचतातच, म्हणून चिठ्ठीत दोघींना एकाच ओळीत बसवणे मला अक्षम्य वाटते. गर्भधारणेच्या पहिल्या महिन्यात हे औषध देऊ नये, ही सूचनाही अगदी बारीक अक्षरांत आहे. विण्याच्या सुमारास मेंढीची प्रतिकारशक्ती घटते आणि लेंड्यांतून जंतांची अंडी जास्त पडतात, तर कोकरांत ती शक्ती मुळातच तयार झालेली नसते. अशा जनावरांकडून रान पुन्हा लवकर दूषित होते आणि दोष औषधावर येतो.

दुसऱ्या हंगामात पाजण्याच्या दिवशी आणि त्यानंतर चौदाव्या दिवशी त्याच सहा मेंढ्यांच्या लेंड्या तपासल्या. पाच जणींत अंडी जवळजवळ दिसली नाहीत. सहावी, एक म्हातारी दख्खनी, हिच्यात ती निम्मीसुद्धा घटली नव्हती, आणि तिचे वजन व माप दोन्ही मी स्वतः पाहिले होते. तिच्या गटाची पुन्हा तपासणी होईपर्यंत नवी बाटली घेतलेली नाही.