नॅनोव्हीएनए-एच४ : आरएफ शिकायचं असेल तर हे हातात हवंच

बरेच जण विचारतात की हे तळहातावर मावणारं यंत्र खरंच काही मोजतं का नुसतं खेळणं आहे, म्हणून जरा सविस्तरच लिहितो. मी ईअँडटीसीला (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) शिकवतो, मायक्रोवेव्ह आणि आरएफ, म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सी, सर्किट हे माझे विषय, आणि बऱ्याच सेमिस्टरपासून नॅनोव्हीएनए-एच४ आमच्या प्रॅक्टिकलला रोज वापरात आहे, पोरांच्या हातून पडूनसुद्धा झालंय. मोजायला ते चांगलं आहे, पण शिकवायला त्याहून कितीतरी चांगलं आहे, आणि मला वाटतं त्याची खरी किंमत तिथेच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हीएनए म्हणजे वेक्टर नेटवर्क अॅनलायझर. सर्किटला सिग्नल द्यायचा, त्यातला किती परत फिरला आणि किती पलीकडे गेला ते बघायचं, आणि नुसतं किती नाही तर फेजसकट, म्हणजे लहर किती पुढेमागे सरकली त्यासकट. मोठ्या कंपनीचा व्हीएनए लाखात जातो, त्यामुळे कॉलेजात असला तरी कपाटात कुलपात असतो आणि इन्स्पेक्शनला बाहेर निघतो. हे काही हजारात मिळतं. मूळ डिझाइन जपानमधल्या ईडीवाय५५५ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका हौशी रेडिओवाल्याचं, सर्किट आणि फर्मवेअर सगळं खुलं, मग चीनच्या ह्यूजेनने त्यात सुधारणा करून ते २०१९ च्या आसपास बाजारात आणलं आणि जगभर पसरलं.

आत काय आहे ते बघितलं की मला अजूनही भारी वाटतं. एसआय५३५१ नावाची स्वस्तातली क्लॉक चिप सिग्नल तयार करते, तीन एसए६१२ मिक्सर तो खाली काही किलोहर्ट्झवर आणतात, आणि मग चक्क ऑडिओ कोडेक, म्हणजे आवाज रेकॉर्ड करायची चिप, मॅग्निट्यूड आणि फेज मोजायला वापरलीय! सुपरहेटेरोडाइन, म्हणजे सिग्नल मिसळून खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणायची पद्धत, आपण ब्लॉक डायग्राम काढून शिकवतो ना, ते इथे झाकण उघडून बोट ठेवून दाखवता येतं. आणि त्या क्लॉक चिपला खरं तर ३०० मेगाहर्ट्झच्या पुढे जाता येत नाही, पुढचं सगळं मोजमाप तिच्या स्क्वेअर वेव्हच्या हार्मोनिक्सवर, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटींवर, चालतं, म्हणून ३०० पर्यंत साधारण ७० डीबी डायनॅमिक रेंज (मोजता येणाऱ्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान सिग्नलमधलं अंतर) मिळते आणि दीड गिगाहर्ट्झकडे जाता जाता ती ४० डीबीवर येते. स्क्वेअर वेव्हमध्ये विषम हार्मोनिक्स असतात आणि ते वर जाताना कमजोर होत जातात हे मॅथ्स-३ मधलं फूरियर इथे स्क्रीनवर थरथरणाऱ्या रेषेत दिसतं, ३०० च्या खुणेवर रेषा लगेच खरबरीत होते, पोरं स्वतःच विचारतात की सर इथे काय झालं.

आता मुख्य गोष्ट, स्मिथ चार्ट, म्हणजे इम्पीडन्स (सिग्नलला सर्किटकडून होणारा विरोध) एका वर्तुळात ठिपक्याने दाखवणारा आलेख, उजवं टोक ओपन, डावं टोक शॉर्ट, वरचा अर्धा इंडक्टरचा, खालचा कपॅसिटरचा. फिलिप स्मिथ यांनी बेल लॅब्जमध्ये काम करताना तो १९३९ मध्ये प्रसिद्ध केला, आणि आपल्याकडे अजूनही तो पेपरात दहा मार्कांची आकृती म्हणून जगतोय. कंपास घ्या, वर्तुळ काढा, एवढ्या लॅम्बडा (तरंगलांबी) टूवर्ड्स जनरेटर फिरा, उत्तर लिहा. मार्क मिळतात, पण कशासाठी फिरलो ते विचारलं तर व्हायवात शांतता. मी काय करतो, एक मीटरची आरजी५८ केबल घेतो, एक टोक नॅनोला, दुसरं टोक उघडं, आणि स्क्रीन दाखवायच्या आधी पोरांना वहीत लिहायला लावतो की काय दिसेल. जवळपास सगळे लिहितात ओपन दिसेल. मग स्वीप लावला, म्हणजे फ्रिक्वेन्सी वाढवत नेली, की ठिपका उजव्या टोकापासून घड्याळाच्या काट्यासारखा फिरत जातो आणि ५० मेगाहर्ट्झच्या आसपास बरोबर डाव्या टोकाला पोचतो, म्हणजे शॉर्ट. उघडी केबल आणि यंत्र सांगतंय शॉर्ट सर्किट आहे. वर्गात एकदम गलका होतो. मग फळ्यावर हिशोब करायचा, या केबलमध्ये वेग प्रकाशाच्या ०.६६ पट, म्हणजे ५० मेगाहर्ट्झला तरंगलांबी जवळजवळ चार मीटर, म्हणजे आपली एक मीटर केबल क्वार्टर वेव्ह झाली, आणि क्वार्टर वेव्ह लाइन ओपनचं शॉर्ट करते. हेच वाक्य त्यांनी आधी पाठ केलेलं असतं, पण डोळ्यांनी बघितल्यावर ते त्यांचं होतं.

आधी अंदाज, मग निरीक्षण, मग खुलासा ही पद्धत काही माझी नाही, शिक्षणशास्त्रात ती जुनी आहे. विद्यार्थ्याला हात-डोकं वापरायला लावलं की फरक पडतो याचा पुरावाही आहे. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले, नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापासांचं प्रमाण ३३.८ टक्के आणि अॅक्टिव्ह लर्निंगच्या वर्गात २१.८ टक्के निघालं. आपल्याकडे इंजिनिअरिंग एज्युकेशनवर रिसर्च म्हटलं की प्रमोशनच्या पॉइंटसाठीचा पेपर असं समजतात, मला ते अजिबात पटत नाही. सर्किट डिझाइनमध्ये आपण प्रत्येक गोष्ट मोजून सुधारतो, मग शिकवणं का नाही मोजायचं? वहीतले ते चुकलेले अंदाज जपून ठेवा, पोरं नेमकी कुठे अडतात ते त्यात स्वच्छ दिसतं.

आमच्याकडे अजून क्लायस्ट्रॉन बेंच (मायक्रोवेव्हचा जुन्या धाटणीचा प्रयोगसंच) आहे, स्लॉटेड लाइनवर, म्हणजे खाच असलेल्या नळीवर, प्रोब सरकवत मॅक्सिमा-मिनिमा शोधायचे. तो काढून टाका असं मी म्हणणार नाही, स्टँडिंग वेव्ह हाताने चाचपल्यासारखी कळते त्यात. पण बेंच एक आणि बॅच वीस जणांची, दोघं सरकवणार, एक लिहिणार, बाकीचे मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवणार. एका बेंचच्या पैशात अर्ध्या वर्गाला नॅनो देता येतात.

एक प्रोजेक्टचं सांगतो. थर्ड इयरच्या ग्रुपने द्राक्षबागेतल्या मातीचा ओलावा मोजायला लोरा (थोडा डेटा दूरवर पाठवणारं रेडिओ तंत्र) मॉड्यूल घेतलं, ८६६ मेगाहर्ट्झवर, कारण भारतात ८६५ ते ८६८ हा पट्टा लायसन्सशिवाय वापरता येतो. रेंज काही मिळेना. कोड तीनदा तपासून झाला, मॉड्यूल बदलून झालं. नॅनोवर अँटेना लावली तर डिप, म्हणजे सिग्नल सर्वांत कमी परत फिरतो ती जागा, ४३३ ला, आणि ८६६ ला ठिपका पार उजव्या कडेला, जवळपास ओपन! दुकानदाराने ८६८ म्हणून ४३३ ची स्प्रिंग दिलेली, दिसायला दोन्ही सारख्याच. ४३३ ची क्वार्टर वेव्ह ८६६ ला हाफ वेव्ह होते, तिच्या टोकाला इम्पीडन्स प्रचंड असतो, म्हणून ठिपका तिथे गेला. मग तांब्याची तार थोडी लांब, नऊ-साडेनऊ सेंटिमीटर ठेवून, खाली ग्राउंड म्हणून तारा सोडून, कटरने एकेक मिलिमीटर छाटत नेली, प्रत्येक छाटणीला डिप उजवीकडे सरकताना बघत. साडेआठच्या खाली कुठेतरी डिप ८६६ वर बसला. मध्येच एकाने हात जवळ नेला तर सगळा कर्व्ह हलला, त्यावरून पुढचा अर्धा तास एनक्लोजर आणि ओली माती यांचा अँटेनावर काय परिणाम होतो यावरच चर्चा झाली. सिलॅबसमध्ये हा भाग दोन ओळींचा आहे.

१०० पीएफचा साधा सिरॅमिक कपॅसिटर लांब पायांसकट लावून बघा असंही सांगतो. शंभर-दीडशे मेगाहर्ट्झच्या पुढे ठिपका चार्टच्या वरच्या अर्ध्यात जातो, म्हणजे कपॅसिटर इंडक्टर झाला. पाय छाटा, ती फ्रिक्वेन्सी वर सरकते. ब्रेडबोर्डवर आरएफ का चालत नाही हे त्यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

आता कमतरता. पोर्ट दोन असले तरी सिग्नल एकाच पोर्टमधून निघतो, त्यामुळे एस११ (परत फिरलेला भाग) आणि एस२१ (पलीकडे गेलेला भाग) मिळतात, उरलेल्या दोघांसाठी सर्किट उलटं फिरवून परत मोजायचं. अॅम्प्लिफायर मोजताना आउटपुटला अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) लावाच, नाहीतर रिसीव्हर ओव्हरलोड होतो, आणि ट्रान्समीटर चुकूनही जोडू नका, आतलं मिक्सर जाईल. २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय-ब्लूटूथ करायचं असेल तर एच४ कामाचं नाही, ३ गिगाहर्ट्झवालं व्ही२ बघा. टच स्क्रीन जुन्या धाटणीचा, नखाने दाबावा लागतो, वरचं छोटं सरकबटण नाजूक आहे. एसएमए कनेक्टर (केबल जोडायची छोटी आट्यांची तोंडं) विद्यार्थ्यांच्या वापराने झिजतात, म्हणून पहिल्या दिवसापासून एक छोटा सेव्हर अॅडॉप्टर कायमचा लावून ठेवा, झिजला तर तोच बदलायचा.

कॅलिब्रेशनचा कंटाळा करणारे फार, आणि तिथेच सगळं फसतं. यंत्राला माहीत असलेले तीन नमुने दाखवून त्याची मोजणी नीट लावायची असते, ते ओपन, शॉर्ट, लोड (५० ओम) हे केबलच्या टोकाला लावून करायचं, यंत्राच्या तोंडाशी नाही. स्क्रीनच्या डाव्या कडेला मोठा सी दिसला तर याच रेंजचं कॅलिब्रेशन आहे, छोटा सी दिसला तर तुम्ही रेंज बदललीय आणि यंत्र जुन्यावरून अंदाज बांधतंय. ही खूण मॅन्युअल न वाचणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. सोबतचा लोड हरवला तर १०० ओमचे दोन एसएमडी रेझिस्टर समांतर जोडून एसएमए कनेक्टरवर सोल्डर करा, काही शे मेगाहर्ट्झपर्यंत छान चालतं आणि पोरांना कॅलिब्रेशन म्हणजे काय तेही कळतं.

घेताना एच४ च घ्या, छोट्या मॉडेलच्या स्क्रीनवर चारजणांना एकत्र बघता येत नाही, आणि ४ इंचात येतं. पीसीला जोडून नॅनोव्हीएनए-सेव्हर हे फुकट सॉफ्टवेअर लावलं की प्रोजेक्टरवर सगळ्या वर्गाला दाखवता येतं आणि डेटा फाइलमध्ये सेव्ह करून रिपोर्टला वापरता येतो. ऑनलाइन नकला खूप आहेत, काहींच्या आत शील्डिंगचे, म्हणजे सिग्नलची गळती अडवणारे, पत्रेच नसतात. आल्या आल्या कॅलिब्रेशन करा, दोन्ही पोर्टना काहीही न जोडता एस२१ बघा, ३०० मेगाहर्ट्झपर्यंत रेषा उणे ७० डीबीच्या आसपास किंवा खाली असायला हवी. उणे ५० वर नाचत असेल तर मागचे स्क्रू उघडू नका, रिटर्नची मुदत संपायच्या आत परत पाठवा.