चेंजिंग प्लेसेस : मोठ्या मुलाला घेऊन दिवसभर बाहेर राहता येतं ते या खोलीमुळे

दारावर व्हीलचेअरचं चिन्ह दिसलं की लोकांना वाटतं, झाली सोय. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे चारही हातपाय आखडलेले, मान सावरत नाही, डायपर लागतो आणि वजन ५० किलोच्या पुढे. दिव्यांगांसाठीच्या नेहमीच्या टॉयलेटमध्ये त्याची खुर्ची आत जाते, पण त्याला कमोडवर बसता येत नाही आणि तान्ह्या बाळांची भिंतीवरची फळी त्याचं वजन पेलत नाही. मग उरते फरशी. तिथे त्याला निजवायला माझं मन कधीच धजलं नाही, म्हणून आमची प्रत्येक सहल डायपर भरेपर्यंतची असायची.

ब्रिटनमध्ये ‘चेंजिंग प्लेसेस’ नावाची टॉयलेट्स आहेत. इथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांमध्ये असं मूल असेल, किंवा अंथरुणाला खिळलेले आई-वडील भारतातून येणार असतील, तर ही माहिती जपून ठेवा.

खोली साधारण १२ चौरस मीटरची, म्हणजे तीन बाय चार. मोठी व्हीलचेअर आत सहज वळते आणि दोन माणसं मदतीला उभी राहू शकतात. उंची कमी-जास्त होणारा, मोठ्या माणसाला पुरेल एवढा लांब बेंच. छताला रुळांवर चालणारा होइस्ट, म्हणजे माणसाला उचलणारं यंत्र. मुलाच्या पाठीखालून स्लिंग, म्हणजे कापडी झोळी, सरकवायची, चार टोकं अडकवायची, बटण दाबायचं. तो अलगद उचलला जातो, बेंचवर उतरतो, मी बेंच माझ्या कमरेपर्यंत वर घेते. माझ्या पाठीला वाकावं लागत नाही, त्यालाही घाई केल्यासारखं वाटत नाही. घाईत उचललं की त्याचं अंग ताठ होतं. इथे तसं होत नाही. कमोड बाजूच्या भिंतींपासून सुटा असतो, दोन्ही बाजूंनी हात देता येतो. पडदा असतो, म्हणजे सोबतच्या माणसालाही संकोचाशिवाय जाता येतं. बेंचवर अंथरायला रुंद कागदाचा रोल आणि मोठी कचरापेटी, या दोन गोष्टींसाठी तर मी त्या आराखडा करणाऱ्यांना मनापासून धन्यवाद देते.

स्लिंग मात्र आपली आपण न्यायची, तिथे मिळत नाही. पुष्कळ ठिकाणी कुलूप रडार कीने, म्हणजे दिव्यांगांच्या टॉयलेटांसाठी देशभर चालणाऱ्या किल्लीने, उघडतं, तीही जवळ ठेवा. कुठे खोली आहे ते चेंजिंग प्लेसेसच्या संकेतस्थळावरच्या नकाशात शोधता येतं. पण तेवढ्यावर विसंबू नका, निघण्याआधी फोन करा. किनाऱ्यावरच्या एका गावी आम्ही पोहोचलो तर होइस्ट बंद, आणि दुरुस्ती कधी होणार हे कुणालाच सांगता येईना. समुद्र समोर असताना गाडी परत फिरवावी लागली. यंत्र बसवणं जितकं गरजेचं, तितकंच ते चालू ठेवणंही.

इंग्लंडमध्ये १ जानेवारी २०२१ पासून मोठ्या नव्या सार्वजनिक इमारतींत अशी खोली बंधनकारक झाली. आधीच्या इमारतींसाठी सरकारने त्याच वर्षी ३ कोटी पौंडांचा निधी खुला केला. हे पालक आणि संस्थांनी वर्षानुवर्षं लावून धरल्यामुळे घडलं. हीथ्रोवरही ही सोय आहे. मुंबईच्या विमानात बसण्याआधी मी त्याला तिथेच तयार करते. मुंबईत उतरल्यावर मात्र गाडीच्या मागच्या सीटवरच बदलावं लागतं. तिकडच्या बागांमध्ये, देवळांजवळ आता रॅम्प दिसतात, याचा आनंद आहे, पण मोठ्या माणसाला निजवून बदलता येईल असा बेंच मला अजून कुठे दिसलेला नाही.

आणि हे गणेशोत्सव करणाऱ्या इथल्या मंडळांसाठी. भाड्याच्या हॉलमध्ये अशी खोली नसेल, तर होइस्ट आणि बेंच बसवलेली फिरती गाडी आणता येते. स्कॉटलंडमध्ये पॅमिस या संस्थेची ‘पॅमिलू’ ही अशीच गाडी, ती कार्यक्रमांच्या ठिकाणी जाते. ढोल सुरू झाला की माझा मुलगा मोठ्याने हसतो, पण आम्ही आरतीपर्यंत कधीच थांबू शकलेलो नाही. हॉल ठरवतानाच गाडीची चौकशी करा, ती उभी करायला सपाट जागा आहे का ते पाहा, आणि आमंत्रणावर ठळक लिहा की ही सोय आहे. ते लिहिलेलं नसेल तर आमच्यासारखी कुटुंबं विचारतही नाहीत, घरीच थांबतात.