दादरचं जोडप्यांचं समुपदेशन : ९ सेशननंतर

आम्ही डोंबिवलीला वन रूम किचनमध्ये राहतो. आम्ही दोघं, मुलगी आणि सासूबाई. लग्नाला १४ वर्षं झाली. आमच्याकडे मोठं भांडण कधी होतच नाही, भांडायला जागाच नाही. मी आवाज चढवला की हा गप्प. मग दोन-दोन दिवस "वाढू का?" आणि "हो", एवढंच. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर बोलून घरी आलं की ती शांतता अंगावर यायची. लॅबमधल्या मैत्रिणीने दादर पश्चिमेच्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंचा नंबर दिला. फुलबाजारातून वाट काढत गेलं की दहा मिनिटांवर.

पहिल्या वेळी दोघांशी एकत्र बोलल्या, मग एकेकट्याशी. मला त्यांनी सरळ विचारलं, घरात मारहाण होते का, नवऱ्याची भीती वाटते का? तसं असेल तर जोडप्याला समोरासमोर बसवत नाहीत. इथे खरं बोललेलं घरी गेल्यावर बाईच्याच अंगाशी येऊ शकतं. हे विचारलं तिथेच माझा विश्वास बसला.

तिसरं सेशन मी विसरणार नाही. विषय साधाच. रात्री मी जेवायची थांबते, हा येतो, फोन चार्जिंगला लावतो आणि भिंतीकडे तोंड करून आडवा होतो. मी बोलत होते, हा खाली बघत होता. बाईंनी ड्रॉवरमधून ऑक्सिमीटर काढला, कोविडमध्ये घरोघरी होता तसाच, आणि याच्या बोटाला लावला. नाडी ११८. खुर्चीत शांत बसलेल्या माणसाची! मी रोज रिपोर्ट हाताळणारी बाई, पण तो आकडा बघून माझं बोलणंच थांबलं. इतकी वर्षं मी धरून चालले होते की याला काही फरकच पडत नाही.

बाईंनी मग अमेरिकेत सिअ‍ॅटलला जोडप्यांवर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या कामाबद्दल सांगितलं. जोडप्यांना बोलायला बसवून त्यांची नाडीसुद्धा मोजत. ती मिनिटाला १०० च्या वर गेली की समोरच्याचं ऐकू येतं, पण डोक्यात शिरत नाही. निदान २० मिनिटं थांबायचं, आणि त्या वेळात मनातल्या मनात भांडण घोळवायचं नाही. गप्प होऊन बसणं ही त्यांनी सांगितलेल्या चार घातक सवयींपैकी एक. दोष काढणं, तुच्छ लेखणं आणि लगेच स्वतःचा बचाव करणं या उरलेल्या तीन. दोष काढणं माझ्याकडे निघालं. ते कबूल करायला मला आणखी दोन सेशन लागली.

त्या तिसऱ्या सेशनलाच तो म्हणाला, "ही बोलायला लागली की वाटतं, निकाल लागतोय आणि मी नापास." मला हे कधीच सांगितलं नव्हतं. मग बाई माझ्याकडे वळल्या, "रागाच्या खाली काय असतं तुमच्या?" भीती, मी म्हटलं. माझे वडील अबोला धरायचे आणि मग चार-चार दिवस घरी यायचे नाहीत. हे त्याने पहिल्यांदा ऐकलं. परतीच्या गाडीत काही बोलला नाही, पण कळव्यापासून माझी पिशवी त्याच्या मांडीवर होती.

तक्रारीही आहेत. तासाचे १८०० रुपये आम्हाला जड जातात. शनिवार संध्याकाळ हवी तर तीन आठवडे थांबा. पार्टिशन इतकं पातळ की आतलं रडणं बाहेर बसलेल्यांना ऐकू येतं. दोनदा सांगितलं, काही झालं नाही. आणि कुठेही गेलात तरी नोंदणी विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते.

आता तो "वीस मिनिटं दे" म्हणतो आणि गच्चीवर जातो. परत यायचं त्यानेच, मी बोलवायला जायचं नाही, असं ठरलंय. गेल्या मंगळवारी ३५ मिनिटं लागली. आला, आमटी स्वतः गरम केली आणि दोन ताटं घेतली.