फुकटच्या सीट कव्हरखाली काय नव्हतं

पंक्चरवाल्याने विचारलं नसतं तर मला आजही कळलं नसतं. दसऱ्याला घेतलेली कोरी गाडी. बॉनेटवरचं कुंकू अजून पुरतं पुसलं नव्हतं, तोच उंब्रजजवळ मागचं चाक बसलं. टायर पाण्यात फिरवता फिरवता तो म्हणाला, "ताई, गाडी सेकंडहँड घेतली काय?" मला रागच आला. त्याने टायरच्या कडेवरचा चिखल अंगठ्याने पुसला आणि चार आकडे दाखवले: 4424. म्हणजे 2024 सालचा 44वा आठवडा. टायर गाडीच्या आधी बनतो हे कबूल, पण आमची गाडी घरी आली 2 ऑक्टोबर 2025 ला. अकरा महिने टायर काय लोणच्यासारखे मुरत घातले होते?

तो दसरा आठवत असेल तुम्हाला. 22 सप्टेंबरपासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा 28 टक्के जीएसटी आणि वरचा 1 टक्का उपकर जाऊन सरळ 18 टक्के झाला होता. इंजिन 1200 सीसीपर्यंत आणि लांबी चार मीटरच्या आत असली की झालं. शोरूमचं लग्नघर झालेलं. जो तो किती हजार वाचले तेच मोजत होता, मीसुद्धा. किंमत एवढी उतरली की जुन्या मालाचा भाव कुठला आणि नव्याचा कुठला, हे ताडून बघायचं भान कुणाला राहतं?

माझा हट्ट एकच होता, सहा एअरबॅग. लेक शेजारी बसते, हायवेने कऱ्हाडला जाणंयेणं असतं. त्याच वर्षी मारुतीने ऑल्टो के10, सेलेरिओ, वॅगनआरमध्ये सहा एअरबॅग सरसकट दिल्या होत्या, त्यामुळे छोट्या गाडीत एवढं मागणं काही आगाऊपणाचं नव्हतं. आमची गाडी या तिन्हींपैकी नाही, पण तिचंही सहा एअरबॅगवालं अपडेट नुकतंच आलं होतं. सेल्समन म्हणाला, "मॅडम, अपडेटेड व्हेरियंटच देतो. वर दसरा ऑफरमध्ये सीट कव्हर फ्री." गाडी ताब्यात आली तेव्हा कव्हरं चढवलेलीच होती. काय तत्पर माणसं, असं म्हणून मी पेढ्यांचा एक बॉक्स जास्तीचा दिला. ते पेढे मला अजून आठवतात.

पंक्चर काढून घरी आले आणि भाच्याला बोलावलं. त्याने कागद मागितले. फॉर्म 21, म्हणजे डीलर देतो तो विक्रीचा दाखला, त्यात उत्पादनाचा महिना आणि साल असतं. डिसेंबर 2024. चासी नंबर सतरा अक्षरांचा. त्यातलं दहावं अक्षर बहुतेक कंपन्या सालासाठी वापरतात. 2024 ला 'आर', 2025 ला 'एस'. आमचं 'आर'. मग तो सीटखाली हात घालून कव्हरचे हूक काढायला लागला. म्हटलं, अरे, नवीन आहेत, फाटतील. तो म्हणाला, "मावशी, बाजूची एअरबॅग सीटच्या कडेतून शिवण फाडून बाहेर येते. तिथे छोटं लेबल शिवलेलं असतं. साधं कव्हर तिच्यावर घालायचंच नसतं." लेबल नव्हतं. दाराच्या खांबावर, छताच्या कडेला, कुठेच खूण नव्हती. स्टिअरिंगमध्ये एक आणि डॅशबोर्डात एक, संपल्या एअरबॅग.

कव्हर कशासाठी फुकट होतं ते तेव्हा कळलं.

शोरूममधले मॅनेजर आवाज न चढवता बोलले, याचाच मला जास्त त्रास झाला. "व्हेरियंट तेच आहे ना मॅडम? बिलात एअरबॅग लिहिल्यात का कुठे?" नव्हत्या लिहिल्या. खोच नेमकी इथे आहे. कंपनी गाडीत बदल करते, पण व्हेरियंटचं नाव बऱ्याचदा तेच ठेवते. मग यार्डात जुनी आणि नवी एकाच नावाने शेजारी शेजारी उभ्या राहतात. बुकिंग फॉर्मवर मॉडेल, व्हेरियंट, रंग सगळं भरलेलं. उत्पादनाच्या सालाचा रकाना कोरा, आणि खाली माझी सही. शिवाय वर्ष उलटलेल्या मालावर एरवी सूट मिळते. तीही मला मिळाली नाही, म्हणजे ती कुणाला मिळाली ते सांगायला नको.

गाडी परत करते म्हटलं, तर नोंदणी झालेली. नंबर प्लेट लागूनच गाडी हातात येते, आणि एकदा आपल्या नावावर चढली की परत घेताना ती जुनीच धरतात. म्हणून बघायचं ते नोंदणीच्या आधी, यार्डात उभं राहून, सीट उघड्या असताना. मी व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवर भागवलं होतं.

त्यांनी मडफ्लॅप आणि एक सर्व्हिसिंग फुकट देऊ केलं. पुन्हा फुकट! मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आणि तिथे काही हललं नाही तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेले. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला फी फक्त 200 रुपये, आणि मुदत दोन वर्षं. वकीलबाईंनी पहिलं विचारलं, लेखी काय आहे? "सहा एअरबॅग पक्का मॅडम" हा सेल्समनचा मेसेज सुदैवाने मी पुसला नव्हता. गॅस सिलेंडरच्या मेसेजखाली गाडला गेला होता, तो शोधून काढला.

मध्ये आमच्या ऑफिसातली एकजण तीच गाडी बघायला गेली. तिने टोकन देण्याआधीच सांगितलं, चासी नंबर आणि उत्पादनाचा महिना बुकिंग फॉर्मवर लिहून द्या. सकाळी "गाडी रेडी आहे" म्हणणारा माणूस संध्याकाळी म्हणाला, "मॅडम, सहा आठवडे वेटिंग आहे." ती थांबली.

कव्हरं मी परत चढवलेली नाहीत. ती पिशवीत बांधून वकीलबाईंकडे दिली आहेत.